दार लावून करायची प्रार्थना आणि चर्चची किल्ली

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

भोंग्यांच्या आवाजावरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, ती मी रोज वाचते आहे. कोणाच्या प्रार्थनास्थळाचा आवाज किती आणि तो आधी कोणी कमी करायचा, या वादात मला पडायचे नाही. मला बोलायचे आहे ते माझ्या स्वतःच्या घराबद्दल, म्हणजे मराठवाड्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल. आमच्याकडे प्रार्थना भरपूर होते. रविवारची उपासना असते, आठवड्यात एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, महिलामंडळाची वेगळी, तरुणांची वेगळी, उपवास-प्रार्थना, रात्रभराची प्रार्थना, आणि अलीकडे मोबाईलवरची. परंतु माणूस एकट्याने, कोणाला न दिसता देवापुढे बसतो आणि स्वतःचे सांगून झाल्यावर लगेच उठून न जाता थोडे ऐकूनही घेतो, ती प्रार्थना आमच्या घरांतून हळूहळू निघून गेली आहे, आणि ती गेल्याची खंतसुद्धा कोणी फारशी बोलून दाखवत नाही. जन्मापासून याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेली आणि आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली एक बाई म्हणून मी हे लिहीत आहे.

आमचे जुने घर जालना तालुक्यातल्या एका खेड्यात होते. माळवदाचे घर, पुढे ओसरी, मधे चुलीची खोली आणि मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत ज्वारीच्या कणग्या, तुरीची पोती आणि धान्याला कीड लागू नये म्हणून टाकलेला लिंबाचा वाळका पाला, त्याचा कडवट वास कायम भरलेला. घरात आम्ही नऊ माणसे. आई पहाटे चारच्या सुमारास, जनावरांना वैरण टाकण्यापूर्वी, त्या खोलीत जाऊन दार लोटून घेत असे. कडी बाहेरून होती, आतून नव्हती. म्हणून ती दाराला आतून पाटा लावून ठेवी. पाटा जमिनीवरून सरकल्याचा आवाज आला की आम्हा मुलांना अंथरुणातच कळायचे की आई आत गेली. एकदा मला ताप होता म्हणून तिने मला बरोबर नेले. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडले होते आणि ती डोक्यावर पदर ओढून, भिंतीला टेकून गप्प बसली होती. बराच वेळ झाला तरी ती काही बोलेना, तेव्हा मी विचारले, ‘झोपलीस का?’ ती म्हणाली, ‘नाही गं, माझं सांगून झालं, आता त्याचं ऐकायलेय.’

पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या एका पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायावर संदेश दिला. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले आहे, तू मात्र आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर, असे प्रभु येशू तेथे सांगतो. पाळकसाहेबांनी सांगितले की ‘खोली’साठी तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, ‘तामेइऑन’, त्याचा अर्थ कोठार, कोठीची खोली असाही होतो. त्या काळच्या साध्या माणसाच्या घरात दार लावता येईल अशी आतली खोली बहुधा तीच असायची. ते ऐकताच मला पाटा सरकल्याचा आवाज आठवला आणि पुढचा संदेश माझ्या कानावर पडला तरी मनात गेला नाही. माझी आई चौथी शिकलेली होती. ग्रीक भाषा नावाची काही भाषा असते हेही तिला ठाऊक नसावे. परंतु प्रभूने जी जागा सांगितली तीच तिने नेमकी शोधली होती. त्याने कोणतीही खास पवित्र जागा मागितलेली नाही. घरात आहे तीच, धान्याची आणि अंधाराची जागा त्याने मागितली, आणि लावून घेतलेले दार मागितले.

आमचे लोक यावर म्हणतात की आता वेळ कोणाला आहे. वेळ प्रभूलाही नव्हता. मार्काच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमातला एक दिवस लिहिलेला आहे. सभास्थानातले शिक्षण, तेथला भूतग्रस्त, शिमोनाची तापाने फणफणलेली सासू, आणि सूर्य मावळल्यावर तर सगळे गाव दाराशी जमलेले. असा दिवस काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपायला कोणाचीही हरकत नसती. तो मात्र अंधार असतानाच उठला, बाहेर पडला आणि एकांत ठिकाणी जाऊन प्रार्थना करत राहिला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले आणि म्हणाले की सगळे लोक तुला शोधत आहेत. मला या प्रसंगातले पुढचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे वाटते. शोधणाऱ्या लोकांकडे तो परत गेला नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, असे तो म्हणाला. कालची गर्दी आजही त्याच दाराशी उभी होती, तिची दुखणी खरी होती, आणि तरीही कुठे जायचे हे त्या गर्दीने ठरवले नाही, त्या पहाटेने ठरवले. बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी तर त्याने सबंध रात्र डोंगरावर प्रार्थनेत काढली, असे लूक लिहितो. आमच्या मंडळ्यांमध्ये पंच निवडताना, जमिनीचे आणि इमारतीचे निर्णय घेताना सुरुवातीला एक मिनिटाची प्रार्थना होते आणि मग तीन तास आवाज चढत जातात. त्या तीन तासांतला एक तास सर्वांनी आदल्या दिवशी आपापल्या घरी गप्प बसून काढला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

पाळकांबद्दलही येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे, आणि ते तक्रारीचे नाहीत. एकेका पाळकाकडे चार-चार, पाच-पाच गावे असतात. लग्ने, दफने, दवाखान्यातल्या भेटी, शाळेच्या दाखल्यांची कामे, हिशेब, कुठे जागेचा वाद असला तर तारखा, हे सगळे त्याच माणसाच्या मोटारसायकलवर चालते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जण निवडून घेतले, आणि कारण स्पष्ट सांगितले की आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा यांत राहू. प्रार्थना आधी म्हटली आहे, वचन नंतर. आपण आपल्या पाळकाला प्रार्थनेसाठी मोकळे ठेवत नाही आणि मग रविवारी त्याचा संदेश कोरडा वाटला तर बाहेर चपला घालताना त्यावर बोलतो, हे बरे नव्हे.

सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, हे मला कळते. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात. उसाच्या फडावर पाचटाच्या खोपीत राहणारी, पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी आणि दिवसभर मोळ्या वाहणारी बाई मला विचारील की, बाई, दार लावायला दार कुठे आहे? तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मी तिला फक्त दोन स्त्रियांची गोष्ट सांगेन. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जॉन वेस्ली नावाचे मोठे सुवार्तिक होऊन गेले. त्यांच्या आईने, सुझॅना वेस्लीने, एकोणीस मुलांना जन्म दिला, त्यांतली पुष्कळशी लहानपणीच गेली. घरात मुले, दारिद्र्य आणि कर्ज. या बाईला प्रार्थना करायची असे तेव्हा ती स्वयंपाकाचा ॲप्रन डोक्यावरून पुढे ओढून घेई आणि मुलांना ठाऊक असे की आता आईला हाक मारायची नाही, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. दुसरी स्त्री माझी आई. पाटा लावायला जागा नसे तेव्हा, खळ्यावर किंवा कापूस वेचताना दुपारच्या सावलीत, ती पदर तसाच पुढे ओढून घेई. आमच्या बायका आजही प्रार्थनेला पदर घेतात, परंतु तो रीत म्हणून घेतात. तो पदर हेसुद्धा एक दार आहे, एवढेच मला सुचवायचे आहे.

शेतकऱ्यांचीही अडचण वेगळी आहे, आणि त्यांची सोयही वेगळी. शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच मिळते. माझा पुतण्या थंडीच्या दिवसांत रात्री बारानंतर गव्हाला दारं धरायला जातो. एक वाफा भरेपर्यंत फावडे टेकून उभे राहायचे, भरला की बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. तो मला म्हणाला, ‘काकू, पूर्वी वाफा भरेपर्यंत मी मोबाईल बघायचो. आता नुसता उभा राहतो. पाण्याचा आवाज येतो, बाकी काही नाही.’ मी त्याला उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाक दाखवला. संध्याकाळच्या वेळी तो चिंतन करायला शेतात गेला होता आणि त्याने मान वर केली तेव्हा त्याला समोरून उंट येताना दिसले, त्यांवर रिबका होती. पुतण्याचे अजून लग्न व्हायचे आहे, त्यामुळे त्याला ती गोष्ट फार आवडली. रात्रीच्या विजेचे दुःख मोठे आहे, साप-विंचवाची भीती खरी आहे, आणि दिवसा वीज मिळालीच पाहिजे या मागणीत मी त्याच्याबरोबर आहे. तोवर त्या रात्रीही देवाच्याच आहेत.

मोबाईलचा विषय निघालाच आहे. २०२० साली टाळेबंदीत चर्च बंद होती तेव्हा याच मोबाईलने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत उपासना पोहोचवली, हे मी विसरलेली नाही. परंतु आता पहाटे पाचपासून वचनांची चित्रे येऊ लागतात, एकेका गटात पन्नास-साठ जण खाली ‘आमेन’ लिहितात, आणि पहाटेची जी घटका देवाची होती ती सगळी त्या ‘आमेन’मध्ये जाते. मी स्वतः हे कित्येक महिने केले. वचन वाचण्याआधी माझा अंगठा ‘आमेन’वर जात होता हे ज्या दिवशी लक्षात आले, त्या दिवसापासून फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवते.

आता ऐकण्याविषयी, कारण खरी अडचण तेथेच आहे. बोलणे आम्हाला येते. आमच्या सभांमधून लहान मुलेसुद्धा सुंदर प्रार्थना करतात. परंतु देवाचे ऐकायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी शिकवत नाही. पवित्र शास्त्रात ते शिकवणारा एक म्हातारा आहे, आणि तो फार मोठा संत नव्हता. शिलो येथे हन्ना मूल व्हावे म्हणून प्रार्थना करत होती, तिचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता, तेव्हा याच एली याजकाला वाटले की बाई दारू प्यायली आहे. मनातल्या मनात केलेली प्रार्थना देवाच्या मंदिरातल्या याजकालाच ओळखता आली नाही. पुढे त्याच हन्नाचा मुलगा शमुवेल त्याच्याजवळ राहू लागला आणि एका रात्री आपल्याला कोणीतरी हाक मारते आहे म्हणून तीनदा उठून एलीकडे धावत गेला. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात आले. त्याने मुलाला सांगितले की जाऊन निज, आणि पुन्हा हाक आली तर म्हण, ‘हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.’ त्या दिवसांत परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते, असे त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. दुर्मीळ झालेली गोष्ट एका लहान मुलाला ऐकू आली, कारण त्याला गप्प पडून राहायला सांगणारे कोणीतरी होते. शब्बाथशाळेत ही गोष्ट आपण मुलांना फार आनंदाने सांगतो, मात्र तिचा शेवट गाळतो. शमुवेलाने त्या रात्री जे ऐकले ते गोड नव्हते. एलीच्या घराण्याचा न्याय त्याने ऐकला आणि ते एलीला सांगायची त्याला सकाळी भीती वाटत होती.

ऐकलेले गोड नसते, याचा अनुभव मी घेतला आहे. माझे यजमान गेल्यानंतर शेताच्या बांधावरून माझे आणि माझ्या जाऊबाईंचे बिनसले. मोजणी झाली, तलाठ्याकडे चकरा झाल्या, तालुक्याला दावा लागला. मी रोज पहाटे देवाला सांगत होते की मला न्याय दे. त्यात जाऊबाईंनी काय काय केले, दिराने कोणते शब्द वापरले, याची यादीच मी त्याला ऐकवत असे, जणू त्याला ते ठाऊक नव्हते. एका उन्हाळ्यात घसा बसला म्हणून आवाज फुटेना, तेव्हा मी ओट्याशेजारी पाट टाकून नुसती बसले. बराच वेळ काहीच नव्हते. कुकरचे, पेन्शनचे, नळाच्या पाण्याचे विचार येत-जात राहिले. मग डोंगरावरच्या प्रवचनातले एक वचन आठवले: तू आपले दान वेदीजवळ आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मी शंभर वेळा वाचले होते. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध’ असे तेथे म्हटलेले नाही. माझ्या मनात तिच्याविरुद्ध काय होते ते मला तोंडपाठ होते. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, हे मी कधी विचारलेच नव्हते. आणि विचारताच ते समोर आले. सासूबाई अंथरुणावर होत्या ते चौदा महिने त्यांचे सगळे जाऊबाईंनी केले. मी नोकरीच्या गावी होते, सणाला येत होते, फळे आणत होते, आणि ‘तू केलंस’ असा एक शब्द मी तिला कधी बोलले नव्हते.

मी त्याच दिवशी पहिल्या एसटीने गावी गेले. जाऊबाई अंगणात मिरच्यांची देठे खुडत बसल्या होत्या. बांधाचे मी काही काढले नाही, सासूबाईंच्या आजारपणाचे बोलले. त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, ‘एवढ्या वर्षांनी ध्यानात आलं व्हय?’ आणि मिरच्यांची पाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत देठे खुडली, डोळे चुरचुरत होते ते मिरच्यांनी की कशाने, कोण जाणे. बांध आजही आहे तेथेच आहे आणि तो कोणाकडे सरकला आहे यावर आमचे अजूनही एकमत नाही, परंतु दावा आम्ही काढून घेतला.

यावर कोणी म्हणेल की हा देवाचा आवाज कशावरून, तुमचे मनच तुम्हाला खात असेल. हा प्रश्न योग्य आहे आणि तो आमच्या मंडळ्यांमध्ये अधिक वेळा विचारला गेला पाहिजे. ‘प्रभूने मला सांगितले’ असे म्हणत कोणाला लग्न मोडायला, कोणाला औषध बंद करायला, कोणाला शेत विकून दान द्यायला सांगणारे लोक आमच्याकडे फिरतात, आणि भोळी माणसे ऐकतात. प्रेषित योहान म्हणतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारख करा. पौलही थेस्सलनीकाच्या लोकांना सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरायला सांगतो. माझ्यापुरती मी एवढीच पारख ठेवली आहे: जे ऐकू आले ते शास्त्रवचनाशी जुळते का, ते मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसापुढे उघड बोलता येते का, आणि त्याने मला स्वतःला काही सोडावे लागते का. ज्या आवाजाने फक्त दुसऱ्याला काहीतरी करायला लावले आणि मला आहे तेथे सुखात ठेवले, त्यावर माझा विश्वास बसत नाही. जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर आधी वादळ, मग भूकंप, मग अग्नी दिसला आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नव्हता. त्यानंतर जी मंद वाणी आली तिने त्याला विचारले, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ वाणी आली ती प्रश्न घेऊन आली. तसेच, तो तेथे पोहोचण्याआधी थकून झाडाखाली झोपला होता, आणि देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, उपदेश केला नाही, हेही सांगायला हवे. प्रार्थनेला बसल्यावर डोळा लागतो म्हणून कित्येक कष्टकरी माणसे अपराधी होतात. त्यांनी आधी पोटभर जेवावे आणि झोपावे.

आणखी एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, विशेषतः तरुणांकडून. गप्प बसणे, ध्यान करणे हे आपले नव्हे, ते इतर धर्मांचे, असे ते म्हणतात. त्यांना आपल्याच घराचा इतिहास सांगितला गेलेला नाही. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अंतोनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये शुभवर्तमान ऐकले, आपली जमीन देऊन टाकली आणि तो वाळवंटात एकांतात गेला; ३५६ साली तो वारला तोवर त्याच्यामागे असंख्य स्त्रीपुरुषांनी ती वाट धरली होती. सोळाव्या शतकात स्पेनच्या इग्नाती लोयोला यांनी तीस दिवसांच्या मौनाची साधना घालून दिली, ती कॅथलिक बंधुभगिनी आजही करतात, आणि या बाबतीत आम्ही प्रोटेस्टंटांनी त्यांच्याकडून शिकायला लाजू नये. आणि शेजाऱ्यांकडे एकांताची ओढ आहे म्हणून आपण ती टाकायची, हे तर मला मुळीच पटत नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. समर्थ रामदास तर आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आमचे थोर कवी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. ज्या पुलावरून ते आले तो पूल आम्ही का पाडावा?

जालन्याच्या माणसाने तर हे विसरूच नये. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले, ब्राह्मण कुळात जन्मलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनतर्फे निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले आणि त्यांनी जवळच ख्रिस्ती लोकांसाठी एक गाव वसवले. त्या गावाला त्यांनी नाव दिले बेथेल. ते नाव याकोबाने ठेवलेले आहे. भावाला फसवून घर सोडून निघालेला याकोब रात्र पडली तेथे, उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपला. बरोबर कोणी नव्हते. त्या रात्री देव त्याच्याशी बोलला, आणि जागा झाल्यावर तो म्हणाला की खरोखर या ठिकाणी परमेश्वर आहे आणि हे मला कळले नव्हते. त्या जागेला त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, म्हटले. तेथे तेव्हा भिंत नव्हती, छप्पर नव्हते, वाद्ये नव्हती; एक एकटा, घाबरलेला माणूस आणि एक दगड होता. आमच्या पूर्वजांपैकी कितीजणांनी गाव, भावकी आणि पाणवठा तुटल्यानंतर त्या नावाच्या गावात आसरा घेतला असेल, आणि ते नाव उच्चारताना त्यांना काय वाटले असेल, याचा मी अलीकडे विचार करते.

आता माझी विनंती. आमची बहुतेक चर्च रविवारी दुपारी कुलूपबंद होतात ती पुढच्या रविवारी उघडतात. चोरीची भीती खरी आहे, साउंड सिस्टीम महाग असते, हे मान्य. परंतु ज्यांच्या घरात दोन खोल्यांत सात माणसे राहतात, टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि आठवड्याने येणारे नळाचे पाणी भरायला पहाटे दोनला उठावे लागते, त्यांच्यासाठी मंडळीची तीच कोठीची खोली आहे, आणि तिला आपण बाहेरून कडी घातली आहे. मी आमच्या पंचांना गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, हेच सांगितले. त्यांनी बराच विचार केला आणि पहाटे पाच ते साडेसहा या वेळेसाठी एक किल्ली मला करून दिली. अटी मीच घातल्या: दिवा एकच, माईक नाही, गायन नाही, मोठ्याने प्रार्थना नाही, कोणी आले-गेले तर सलाम फक्त मान हलवून.

पहिले नऊ दिवस मी एकटीच होते. दहाव्या दिवशी रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करणारा एक तरुण घरी जाताना आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्याच्या कपड्यांना लोखंडाचा जळका वास होता. तो पंधरा मिनिटांत झोपी गेला आणि मी त्याला साडेसहाला उठवले. आता आम्ही पाच जण असतो. एक बाई मुलाच्या शाळेची पिशवी घेऊन येते आणि सहाला निघून जाते. कोण काय मागते आणि कोणाला काय ऐकू येते, हे आम्ही एकमेकांना विचारलेले नाही. कोणाला काही बोलायचेच असेल तर पाळकसाहेब शनिवारी संध्याकाळी घरी असतात.

जालना, अंबड, परतूर, बीड, लातूर, परभणी, जेथे जेथे आपले दैनिक पोहोचते तेथल्या मंडळ्यांच्या पंचांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी आपल्या चर्चचे दार रोज पहाटे तासभर उघडे ठेवावे आणि रविवारच्या उपासनेत संदेशानंतर लगेच गायन सुरू न करता पाच मिनिटे सर्वांना गप्प बसू द्यावे. यासाठी वर्गणी लागत नाही, परवानगी लागत नाही. पहाटे उठणारी एक व्यक्ती लागते, ती प्रत्येक मंडळीत असतेच, बहुधा एखादी म्हातारी असते. आमच्याकडे दुसरी किल्ली करून घ्यायला चाळीस रुपये लागले.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जालना